सामान्यज्ञानाचें थोतांड

गेल्या गणेशोत्सवांत एका मंडळाच्या प्रश्नमंजूषेस मी प्रेक्षक म्हणून बसलों होतों. "भारतांतील पहिला चित्रपट कोणता?" असा प्रश्न आला. नववी-दहावीच्या वयाची एक मुलगी उठून म्हणाली, "पहिला कशाला म्हणावयाचें, यावर तें अवलंबून आहे. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलीक' १९१२ सालीं पडद्यावर आला, पण—" परीक्षकांनीं तिला तेथेंच थांबविलें व "एकच नांव सांगा" असें बजावलें. ती घुटमळली, घंटा वाजली. शेजारच्या मुलानें 'राजा हरिश्चंद्र' म्हणून दहा गुण घेतले आणि मंडपांत टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याला कमी ठाऊक होतें त्याला बक्षीस, आणि जिला अधिक ठाऊक होतें तिला शून्य! हा न्याय पाहिल्यावर, सामान्यज्ञानाच्या नांवाखालीं आपण जें थोतांड माजविलें आहे त्याविषयीं चार कठोर शब्द लिहिणें मला भाग आहे.

त्या मुलीला पुढें काय सांगावयाचें होतें, याचा तर्क करणें कठीण नाहीं. 'पुंडलीक' हें रंगभूमीवरील नाटकाचें छायाचित्रण होतें; त्याचा छायाचित्रकार इंग्रज होता आणि फीत धुण्यासाठीं लंडनला गेली होती. उलट दादासाहेब फाळके यांनीं कथेपासून फीत धुण्यापर्यंतचें सारें काम येथेंच उभें केलें, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेवला. तेव्हां फाळक्यांना पहिला मान देण्यास उत्तम कारणें आहेत. पण तीं कारणें आहेत, हुकूमनामा नव्हे. कारणांवांचून घोकलेलें नांव हें ज्ञान नसून नुसती समजूत होय.

आणि समजूत खोटी असली तरी तिला गुण मिळतातच. 'बॉम्बे' हें नांव पोर्तुगीज 'बोम बाइया', म्हणजे 'चांगला उपसागर', यावरून पडलें असें कित्येक पुस्तिका छातीठोकपणें सांगतात. पोर्तुगीज भाषेंत 'बाइया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याला विशेषण 'बोआ' लागेल, 'बोम' नव्हे. 'चांगला खाडी' म्हणणाऱ्या मराठी मुलाला आपण हंसूं. मग पोर्तुगिजांना स्वतःच्या भाषेचें व्याकरण येत नव्हतें असें तरी मानावें, किंवा मुंबादेवीच्या 'मुंबई'चाच त्यांच्या जिभेवर अपभ्रंश झाला, हें सरळ अनुमान तरी स्वीकारावें.

विजापूरचा गोल घुमट हा 'जगांतील दुसरा मोठा घुमट', ही अशीच एक घोकलेली ओळ. कशाचें माप घेऊन दुसरा? आंतला व्यास घ्यावा, तर गोल घुमट सुमारे ३८ मीटर; रोममधील सेंट पीटरचा सुमारे ४१.५, आणि तेथल्याच पँथिऑनचा ४३ हून अधिक. एकट्या रोम शहरानेंच त्याला तिसऱ्या जागेवर बसविलें! पण घुमटाखालची जमीन मोजली, तर सुमारे ४१ मीटर बाजूचें हें चौरस दालन पँथिऑनच्या वर्तुळालाहि मागें टाकतें. सतराव्या शतकांत महंमद आदिलशहाच्या कबरीसाठीं कारागिरांनीं एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घालून, खालच्या चौकोनावर वरचें वर्तुळ कसें बसविलें, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न. पण 'दुसरा' म्हटलें कीं आमचें काम भागलें.

जेथें उत्तर बरोबर असतें तेथेंहि दशा वेगळी नाहीं. गोदावरीचा उगम कोठें? त्र्यंबकेश्वरीं. ठीक. परंतु तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरांवर असतां, ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४०० किलोमीटरांहून अधिक वाट चालत बंगालच्या उपसागरास कां मिळते? सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा एकदम तुटलेला आहे आणि दख्खनचें पठार पूर्वेकडे उतरत गेलें आहे, म्हणून. या एका उतारांत कोंकणच्या आंखूड नद्या आणि देशावरच्या लांब नद्या, दोहोंचेंहि मर्म आहे. मराठींतील पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७, हें पाठ असणारे हजारों भेटतील; तींत हिंदु विधवांची दैना मांडली आहे हें जाणणारे थोडे, आणि तें पुस्तक उघडून पाहिलेले त्याहून थोडे.

यावर पूर्वपक्ष असा कीं, निदान चार गोष्टी मुलांच्या कानांवरून जातात, पाठांतराशिवाय विद्या नाहीं. पाठांतराचा मी वैरी नाहीं. पाढे पाठ हवेतच. पण पाढा पुढच्या गणितासाठीं असतो. या सुट्या उत्तरांपुढें कोणतें गणित आहे? जें नांव खिशांतला भ्रमणध्वनि क्षणांत सांगतो, तें नुसतें घोकण्यांत आतां प्रौढी ती कसली? दुसरा आक्षेप असा कीं, लाखों उमेदवारांच्या उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर एकच उत्तर पाहिजे. मान्य. मग ज्यांना खरोखर एकच उत्तर आहे तेच प्रश्न विचारावेत, आणि तें खरें आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. शिवाय उत्सवाच्या मंडपावर किंवा घरच्या ओटीवर ही अडचण कोठें आहे? तेथें तरी प्रत्येक उत्तरामागून "कशावरून?" असें विचारावें आणि अर्धे गुण त्यासाठीं राखून ठेवावेत. परीक्षकांना थोडा अभ्यास करावा लागेल, एवढेंच.

ती मुलगी पुढच्या वर्षीं व्यासपीठावर बहुधा येईल. पण या वर्षींचा धडा ती विसरली नसेल; मुकाट्यानें एकच नांव सांगेल, दहा गुण घेईल, आणि आपण सारे टाळ्या वाजवूं. तिचा तो विजय हा आपल्या शिक्षणाचा पराभव असेल, आणि त्याचा दोष तिच्याकडे मुळींच जाणार नाहीं.