वंशावळ कशासाठी शोधायची? बाबासाहेबांच्या गुरूंच्या घराण्याचा धडा

वंशावळ म्हटले की आपल्यातील अनेक कार्यकर्ते नाक मुरडतात. ते साहजिक आहे. ज्या व्यवस्थेने जन्मावरून माणसाची किंमत ठरवली, तिचे वंशावळ हेच तर हत्यार! कुळ, गोत्र आणि खानदान यांच्या बढाया आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. तरीही आमचे स्पष्ट म्हणणे आहे की आंबेडकरी तरुणांनी आपापल्या घराण्याचा शोध घेतला पाहिजे. का, ते सांगण्यासाठी आम्ही एका जर्मन स्थलांतरित घराण्याचे उदाहरण घेतो. हे घराणे आपल्याला परके नाही.

कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन आपल्याला माहीत आहेत. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील बाबासाहेबांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची प्रस्तावना त्यांचीच. पण हे सेलिग्मन मूळचे कुठले, हे किती जणांनी तपासले?

हे घराणे बव्हेरियातील बायर्सडॉर्फ या छोट्या गावचे. धर्माने ज्यू. एडविन यांचे आजोबा विणकर होते. बव्हेरियात 1813 चा कायदा लागू होता. त्यानुसार प्रत्येक ठिकाणच्या ज्यू कुटुंबांची संख्या ठरलेली असे आणि त्यांची सरकारी यादी ठेवली जाई. यादीत क्रमांक मिळाला तरच लग्न करून तिथे स्थायिक होता येई. घरात चार मुलगे असतील, तर एकाची सोय होणार आणि बाकीच्यांनी वाट धरायची. म्हणजे अमेरिकेत गेलेली ही माणसे हौसेने गेलेली नव्हती. कायद्यानेच त्यांना दार दाखवले होते.

एडविन यांचे वडील जोसेफ 1837 मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनियात नोकरी केली, मग पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार माल विकला. एकेक भाऊ मागोमाग आला. पुढे त्यांनी अलाबामात दुकाने काढली, न्यूयॉर्कला आले आणि 1864 मध्ये बँक उभी केली. यादवी युद्धात लिंकन यांच्या सरकारचे कर्जरोखे युरोपात विकण्यात या घराण्याचा मोठा वाटा होता.

मुलांची नावे पाहा. एकाचे नाव आयझॅक न्यूटन, एकाचे आल्फ्रेड लिंकन. आपले एडविन 1861 मध्ये जन्मले. त्यांच्या नावात रॉबर्ट अँडरसन आहे, त्याच वर्षी सम्टर किल्ला लढवणाऱ्या अधिकाऱ्याचे. घराणे पूर्ण अमेरिकन झाले होते. पैसा होता, प्रतिष्ठा होती, नावेही बदलली होती.

आणि 1877 मध्ये काय झाले? जोसेफ सेलिग्मन कुटुंबासह साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलात गेले. ज्यूंना खोली देऊ नये असा मालकाकडून आदेश असल्याचे त्यांना सांगण्यात आले. ज्याने सरकारला कर्ज मिळवून दिले, त्याला हॉटेलात खोली मिळाली नाही!

हे वाचून आम्हाला 1917 चे बडोदे आठवते. सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकून आलेले बाबासाहेब पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहिले. ओळख उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. गुरूच्या वडिलांना 1877 मध्ये आणि शिष्याला 1917 मध्ये जन्मावरूनच दार बंद झाले.

पण दोन्ही घटना सारख्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. फरक नीट समजून घ्या. सेलिग्मन यांच्या बाजूने वर्तमानपत्रे उभी राहिली आणि हॉटेल चालवणाऱ्याच्या दुकानावर बहिष्कार पडला. बाबासाहेबांच्या बाजूने बडोद्यात कोण उभे राहिले? हिंदू मित्राने आणि ख्रिश्चन मित्रानेही घरात घेतले नाही. ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

आणखी एक फरक. जोसेफ दारोदार माल विकू शकले, कारण त्यांचा माल विटाळत नव्हता. ज्या अलाबामात त्यांनी दुकाने काढली, तिथेच काळी माणसे गुलाम होती. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या यादीत वय, लिंग आणि रंग लिहिला, नाव मात्र मालकाचे. म्हणून आज जर्मन वंशाचा अमेरिकन जहाजाच्या प्रवासी यादीपासून चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीपर्यंत मागे जाऊ शकतो. कृष्णवर्णीय कुटुंबाचा शोध मात्र बहुधा 1870 च्या जनगणनेपाशी अडतो. ज्याला माणूस मानले नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

एडविन सेलिग्मन यांनी हे ओळखले असावे. कृष्णवर्णीयांच्या नागरी प्रश्नांवर काम करणाऱ्या अर्बन लीगचे ते 1911 मध्ये पहिले अध्यक्ष झाले. आपल्या घरावर झालेला अन्याय लक्षात ठेवायचा तो दुसऱ्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी. वंशावळीचा खरा उपयोग हाच.

आता आपल्याकडे पाहा. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आपल्याला आजोबांची आठवण होते. शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, वतनाचे कागद शोधून आपण फाइल सादर करतो आणि विसरून जातो. बायर्सडॉर्फच्या यादीसारखेच हे कागद आपल्याला जखडण्यासाठी तयार झाले होते. पण त्यातच आपल्या माणसांची नावे आहेत. ती फाइल फेकू नका.

आणि आजीला विचारा. गाव कोणत्या साली सोडले? कोणाच्या जाचाने सोडले? मुंबईत पहिली रात्र कोणाच्या खोलीत काढली? 1956 ला दीक्षाभूमीवर घरातले कोण गेले होते? कागदात आजीचे नाव नसेल, तर ते तुम्ही लिहा. आजी गेल्यावर हे सांगायला कोणी उरणार नाही.

आपल्यातील काही जण परदेशी गेले, पगार वाढला, आडनाव बदलले आणि म्हणू लागले की आता जात कुठे आहे? त्यांना आम्ही साराटोगाचे हॉटेल दाखवतो. नाव बदलून दार उघडत नाही. दारावरचा पहारा हटवावा लागतो, आणि तो एकट्याने हटत नाही.

वंशावळ मिरवण्यासाठी नको. कोणी कोणाला कुठे अडवले आणि तरी आपली माणसे कशी पुढे आली, याचा पुरावा म्हणून ती हवी.

जय भीम!