खोकला, सोमवारची मीटिंग आणि अँटीबायोटिक

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. मुलाचा घसा आणि खोकला रेंगाळला की आपण आईबाप डॉक्टरांना चुकीचा प्रश्न विचारतो. आपण विचारतो, "आता कोणतं औषध देऊ?" विचारायला हवं, "हे किती दिवस चालू शकतं, आणि काय दिसलं तर मी लगेच यायचं?"

पहिले दोन दिवस सगळे शहाण्यासारखे वागतात. गरम पाणी, मऊ भात, शाळेला दांडी. पाचव्या दिवशी गावाहून आजीचा फोन येतो, "अजून खोकतेय? डॉक्टर बदला बाबा!" आठव्या दिवशी ऑफिसातला कोणीतरी त्याच्या मुलाला 'एकदम लागू पडलेल्या' औषधाचं नाव सांगतो. दहाव्या दिवशी ती बाटली घरात येते, बाराव्या दिवशी खोकला कमी होतो, आणि ते औषध रामबाण ठरतं.

आमच्या धंद्यात याला लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणं म्हणतात. प्रॉब्लेम गेला हे खरं, पण रीस्टार्टमुळे गेला की आपोआप, हे कोणालाच माहीत नसतं.

आता आकडे बघू. 2013 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यानुसार मुलांची घसादुखी साधारण दोन ते सात दिवसांत जाते. पण खोकला? निम्मी मुलं दहा दिवसांत बरी होतात आणि नव्वद टक्के मुलं बरी व्हायला 25 दिवस लागतात. पंचवीस! आपला धीर पाचव्या दिवशी सुटतो. त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांना एक सर्दी संपते न संपते तोच दुसरी लागते, त्यामुळे 'महिनाभर खोकतोय' यात पुष्कळदा दोन वेगळे आजार असतात.

आणि हे बहुतेक खोकले व्हायरसचे. अँटीबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या ना" हे वाक्य तोंडातून निघतंच. का? माझ्या मते त्याचं कारण मुलात नाही, आपल्यात आहे. दोघंही नोकरीवाले, रजा संपत आलेल्या, सोमवारी रिलीज. ते औषध मुलाच्या घशासाठी नसतं, आपल्या सोमवारच्या मीटिंगसाठी असतं. बोचतं, पण खरं आहे.

म्हणून अँटीबायोटिक कधीच नको का? तसं अजिबात नाही. पाच ते पंधरा वयाच्या मुलाला एकदम ताप आला, गिळताना खूप दुखतंय, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याच्या पुढच्या गाठी सुजलेल्या, आणि मुख्य म्हणजे खोकला-सर्दी नाही, तर तो स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. तिथे डॉक्टरांनी तपासून दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, बहुधा दहा दिवसांचं, पूर्ण घ्यायचं. कारण उपचार न झाल्यास पुढे कधी कधी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि आपल्या देशात तो आजार अजून गेलेला नाही. पण गंमत बघा, भरपूर खोकला आणि वाहतं नाक असेल तर पारडं व्हायरसकडे झुकतं. म्हणजे जो खोकला ऐकून आपण अँटीबायोटिक मागतो, तोच बऱ्याचदा ते नको असल्याची खूण असतो!

मागच्या वेळची उरलेली बाटली तर नकोच. पाणी मिसळलेलं ते औषध एक-दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. शिवाय 2016 पासून सरकार सांगतंय की पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. केमिस्ट ओळखीचा आहे म्हणून ती रेघ पुसली जात नाही.

राहिला कफ सिरप. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते आठवत असेल. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातल्या बऱ्याच जणांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळायची. जो खोकला आपोआप जाणार, त्यासाठी ही जोखीम कशाला? एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या (वर्षाच्या आत मध मुळीच नाही), कोमट पाणी पाजा, ताप असेल तर वजनावरून ठरवलेलं पॅरासिटामॉल द्या. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ मात्र देऊ नका, भाजण्याचा धोका असतो.

थांबायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं असं नाही. आमच्याकडे कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशोब असतो, तिथेच लेकीचा ताप, रात्रीची झोप आणि खाणं-पिणं यांची नोंद होते. बायकोने सुरू केलेली पद्धत. डॉक्टरांनाही "खूप दिवस झाले" यापेक्षा ती नोंद उपयोगी पडते.

आणि काही गोष्टी दिसल्या तर कॅलेंडर बाजूला ठेवून आत्ताच्या आत्ता निघायचं. श्वास जोरात चालणं (एक ते पाच वर्षांच्या मुलात, शांत असताना, मिनिटाला 40 किंवा जास्त), बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, श्वास घेताना घरघर, गिळता न येऊन लाळ गळणं, पाणी न पिणं, ओठ निळे पडणं, शेंगदाण्यासारखं काही खाताना ठसका लागून सुरू झालेला खोकला. दोन आठवड्यांवर खोकला आणि सोबत ताप, वजन घटणं किंवा घरात कोणाला टीबी असेल तर टीबीची तपासणी हवीच. आणि चार आठवडे झाले तर बाकी काही नसलं तरी नीट शोध घ्यायला हवा.

चांगला डॉक्टर कोणता? माझ्या लेखी तो, जो तपासून "काही द्यायची गरज नाही, शुक्रवारी परत दाखवा" असं म्हणू शकतो. अशा डॉक्टरला आपण 'काही दिलंच नाही, फुकट फी गेली' म्हणून नावं ठेवतो. खरं तर ती फी आपण त्या तपासणीसाठी आणि त्या एका वाक्यासाठीच दिलेली असते. रजेचं काय करायचं ते ऑफिसशी बोलून ठरवू, त्याचं ओझं पोराच्या पोटात नको.