मर्यादेवाचून मांडलेला बाजार

ज्या कारखानदाराला कर्बवायूचे उत्सर्जन स्वस्तात घटवता येते त्याने ते अधिक घटवावे आणि ज्याला ते जमत नाही त्याने पहिल्याला मोबदला द्यावा, हे उत्सर्जन-व्यापाराचे तत्त्व अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. म्हणूनच २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित करून केंद्र सरकारने त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले, याचे स्वागतच केले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली या उद्योगांना लक्ष्येही नेमून देण्यात आली. परंतु ही लक्ष्ये एकूण उत्सर्जनाची नसून दर टन उत्पादनामागील उत्सर्जनाची आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

समजा, एखादा सिमेंटचा कारखाना टनामागे ८०० किलो कर्बवायू सोडतो. त्याने तो ७६० किलोंवर आणला आणि त्याच मुदतीत उत्पादन दुप्पट केले, तर एकूण उत्सर्जन जवळजवळ दुप्पट होऊनही, लक्ष्य ७८० किलोंचे असल्यास, तो विक्रीयोग्य प्रमाणपत्रांचा हक्कदार ठरेल.

चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या व्यवस्थेतील दुसरी विसंगती ध्यानी येते. गडचांदूर, आवारपूर या परिसरातील सिमेंट उद्योग कक्षेत येणार. पण त्याच जिल्ह्यातील २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राला, देशातील इतर कोळसाकेंद्रांप्रमाणेच, या लक्ष्यांतून सूट आहे. औष्णिक केंद्रांची राख सिमेंटमध्ये मिसळली की, ज्याच्या निर्मितीत सर्वाधिक कर्बवायू सुटतो त्या क्लिंकरचे प्रमाण घटते आणि कारखान्याच्या पदरी श्रेय पडते. ती राख ज्या भट्टीतून आली तिच्या धुराची नोंद मात्र या बाजाराच्या दप्तरी होत नाही.

विकसनशील देशावर आजच कठोर मर्यादा लादणे अन्यायाचे होईल, आपले दरडोई उत्सर्जन अल्प आहे, हा युक्तिवाद खराच आहे. तथापि मर्यादा म्हणजे तत्काळ कपात नव्हे. ती प्रथम वाढती ठेवून पुढे उतरती करता येते. युरोपातही २००५ मध्ये हा बाजार सुरू झाला तेव्हा सरकारांनी गरजेपेक्षा अधिक परवाने फुकट वाटले आणि २००७ मध्ये त्यांची किंमत शून्यावर येऊन ठेपली. सैल मर्यादेची जिथे ही गत झाली, तिथे मर्यादाच नसलेल्या बाजाराची भिस्त कशावर ठेवावी?

२०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द आपण २०२१ मध्ये ग्लासगो येथे दिला आहे, आणि तो गुणोत्तरांनी पाळला जाणार नाही. म्हणून सरकारने औष्णिक वीज या योजनेत आणण्याची मुदत ठरवावी, प्रत्येक कारखान्याचे एकूण उत्सर्जन दरवर्षी जनतेपुढे मांडावे आणि राष्ट्रीय मर्यादा कोणत्या वर्षापासून लागू होईल हे आजच जाहीर करावे. उद्योगांनाही अनिश्चिततेच्या धास्तीपेक्षा आगाऊ कळलेला नियम अधिक मानवेल.