पुणेरी पलटण टेबलात पहिली आली, तरी इस्लामपूरचा कबड्डीवाला खूश का नाही?

पुणेरी पलटणच्या नशिबात 28 हा आकडा पक्का बसलाय.

1 मार्च 2024. हैदराबादमध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल. पलटण 28, हरियाणा स्टीलर्स 25. पुण्याला पहिली ट्रॉफी मिळाली. त्यानंतर 31 ऑक्टोबर 2025. दिल्लीत बाराव्या सीझनची फायनल. पलटण पुन्हा 28. पण समोर दबंग दिल्ली 31. फरक तोच, तीन पॉइंटचा.

आता इस्लामपूर, म्हणजे नव्या नावाने ईश्वरपूर, इथल्या कबड्डीवाल्याचं दुखणं वेगळंच आहे. ज्या दिल्लीने पलटणला हरवलं, त्याच दिल्लीकडून एकेकाळी शेजारच्या कासेगावचा काशिलिंग आडके खेळायचा. दुसऱ्या सीझनमध्ये तर तो लीगचा टॉप रेडर होता. तेव्हा वाळवा तालुक्यासाठी दिल्ली हीच घरची टीम होती. काशिलिंग दिल्लीतून गेला आणि माणसं पुण्याकडे वळली. आणि नेमकी दिल्लीच आडवी आली.

बरं, सीझन वाईट गेला का? अजिबात नाही. अकरावा सीझन आठवा. चॅम्पियन म्हणून उतरलेली टीम पहिल्या सहातही आली नव्हती. शादलुई हरियाणाकडे गेलेला. कॅप्टन अस्लम इनामदार गुडघा दुखावून बाहेर. प्लेऑफ आणि फायनल होती पुण्यात, बालेवाडीत, आणि मॅटवर पुणे नव्हतं. हरियाणाने आपल्या पोराला आपल्याच गावात हरवावं तसं नाही, इथे आपला पोरगा आखाड्यातच नव्हता. ते जास्त लागतं.

त्यानंतर कोच बदलला. बी. सी. रमेश बंगळुरूकडे गेले, पलटणकडे अजय ठाकूर आला. 2014 च्या एशियाडमध्ये गोल्ड जिंकलेल्या भारतीय टीममधला हा रेडर. सांगलीचा नितीन मदनेही त्याच टीममध्ये होता. अजयच्या हाताखाली पलटण टेबलात पहिली आली. दिल्लीचेही पॉइंट तेवढेच होते.

इथे नवीन नियम समजून घ्यायला पाहिजे. पूर्वी जिंकलं की पाच पॉइंट, बरोबरी झाली की तीन, आणि सातच्या आत हरलं तरी एक मिळायचा. यंदा जिंकलं तर दोन, हरलं तर शून्य. बरोबरी झाली तर टाय-ब्रेकर. दोन्ही टीमच्या पाच-पाच रेड, प्रत्येक रेडला वेगळा रेडर, आणि बॉकलाइन हीच बोनसलाइन. गडी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त पॉइंट मोजायचे.

टीव्हीवर याचं मोठं कौतुक झालं. गावच्या मैदानावर कबड्डी बघितलेल्याला त्यात नवीन काय? पाच-पाच चढायांवर निकाल लागलेल्या मॅच महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या झाल्यात.

पण याच चढायांनी पलटणला फिरवलं. क्वालिफायर वनमध्ये दिल्लीशी बरोबरी झाली, टाय-ब्रेकर दिल्लीने मारला आणि ती थेट फायनलला गेली. पलटणला तेलुगू टायटन्सशी आणखी एक मॅच खेळावी लागली. ती 50-45 अशी सुटली. आदित्य शिंदे त्या दिवशी कुणाला सापडला नाही. पण दिल्ली ताजी आणि पुणे दमलेलं, हा फरक उरलाच. फायनलला आदित्य पुन्हा चमकला, उत्तरार्धात पाठलागही झाला, पण तीन पॉइंट कमी पडले.

चार सीझनमधली ही तिसरी फायनल. नवव्या सीझनला जयपूरने 33-29 ने हरवलं होतं. म्हणजे तीन फायनल, एक ट्रॉफी, आणि तिन्ही मॅच चार पॉइंटच्या आतल्या. अशा टीमला कमकुवत म्हणता येत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत रेड कुणी मारायची, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. अस्लम पूर्ण फिट असतो तेव्हा तो प्रश्न पडतच नाही, आणि तो नसला की सगळा भार एका पोरावर येतो.

खरी तक्रार पुढेच आहे. बारावा सीझन विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्रात एकही मॅच नाही. नावात पुणे आणि पुण्यात मैदान नाही. इस्लामपूरहून कराड, सातारा करत बालेवाडी गाठायला चारेक तास लागतात. पोरं गाडी करून जातीलही. पण जायचं कुठे? सगळा सीझन मोबाईलवर बघितला आणि फायनलची हारही मोबाईलवरच.