बॉनेट उघडून बघतोय कोण?

एक छोटीशी टेस्ट घ्या. उद्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाच मित्रांना विचारा, 'तुझ्या गाडीत काय काय आहे रे?' सनरूफ, वायरलेस चार्जर, ॲम्बियंट लायटिंग, थंडगार सीट्स... यादी तोंडपाठ असते. मग दुसरा प्रश्न टाका, 'आणि गाडी बंद पडली तर काय करतोस?' पाचही जणांचं उत्तर एकच. 'हेल्पलाइनला फोन!'

आपल्या आईबाबांच्या पिढीचं उत्तर वेगळं होतं. ते बॉनेट उघडायचे.

प्रीमियर पद्मिनी आठवतेय? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिंदी सिनेमात हिरोइनइतकीच मिरवलेली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि बॉनेटखाली चक्क मोकळी जागा. ती बंद पडायची, वारंवार पडायची. पण बंद पडल्यावर बघायचं काय, तर तीन गोष्टी. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का आणि हवा मिळतेय का. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल तर फुंकर मारा, पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासा, खंडाळ्याच्या घाटात तापली तर बाजूला घेऊन बॉनेट उघडा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत गाडी आणि ड्रायव्हर दोघंही थंड.

आता आजच्या गाडीचं बॉनेट उघडा. वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, खाली वायरींचं जंगल. इंजिनाचा एक कॉम्प्युटर, ब्रेकचा दुसरा, स्टिअरिंगचा तिसरा, एअरबॅगचा चौथा. साध्या हॅचबॅकमध्येही असे बरेच असतात, महागड्या गाड्यांत तर आकडा शंभराच्या आसपास जातो. हे सगळे एकमेकांशी बोलतात ते 'कॅन' नावाच्या एका नेटवर्कवरून. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जगापुढे आणलं. आयडिया झकास होती. प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर नको, सगळ्यांनी एकाच लाइनवर बोलायचं. आपल्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं. फक्त ग्रुपचं जे होतं, तेच इथेही होतं. एकाने चुकीचा मेसेज टाकला की सगळे पॅनिक!

माझ्या एका मैत्रिणीने हे अनुभवलं. दोन वर्षं जुनी टॉप-एंड गाडी. सोमवारी सकाळी स्टार्ट केली तर डॅशबोर्डवर दिवाळी. एबीएस, स्टिअरिंग, हिल असिस्ट, चेक इंजिन, सगळे दिवे एकदम. सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप लावला, एक सेन्सर बदलला, बिल दिलं. चार दिवसांनी पुन्हा दिवाळी. दुसरा सेन्सर, दुसरं बिल. तिसऱ्या खेपेला ती वैतागून घराजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्याने बॅटरीपासून सुरुवात केली. अर्थिंगची वायर सैल झाली होती. व्होल्टेज खाली गेलं की प्रत्येक कॉम्प्युटर आपापली तक्रार नोंदवत होता. पाना फिरवला, काम संपलं. पैसे विचारले तर म्हणाला, 'ताई, चहाचे द्या.'

आणि उंदरांबद्दल तर बोलायलाच नको. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. पूर्वी एक वायर कुरतडली तर एक दिवा जायचा, टेप गुंडाळून काम भागायचं. आता बऱ्याचदा सांगतात, 'मॅडम, पूर्ण हार्नेस बदलावा लागेल.' उंदीर तोच, भूक तीच, बिल मात्र हजारांच्या घरात!

इथपर्यंत वाचून 'जुनं ते सोनं' म्हणणार असाल तर थांबा. हा कॉलम नॉस्टॅल्जियाचा नाही.

आमच्या घरी १९९८ ची मारुती ८०० आहे. गाडी आणि मी जवळपास एकाच वयाच्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. बाबा अजूनही रविवारी तिचे प्लग स्वत: काढतो, पुसतो, बसवतो. मला ती प्रचंड आवडते. पण त्याच गाडीत बसून एक्सप्रेस वेवर जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांचे एअरबॅग नसलेले मॉडेल आपटून पाहिले. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. त्या तर ८०० पेक्षा कितीतरी नव्या डिझाइनच्या होत्या! आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं, ते उगाच नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाकं लॉक होत नाहीत आणि गाडी वळवता येते. हे काम कॉम्प्युटरच करतो. धुराचंही तसंच. कार्बोरेटर अंदाजाने पेट्रोल सोडतो, इंजेक्शनवाली गाडी सेन्सरने मोजून सोडते. आपण सिग्नलला जी हवा आत घेतो तिचा हा प्रश्न आहे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नव्या गाड्या कमी वेळा बंद पडतात. जुन्या गाडीचं दुखणं सर्दी-खोकल्यासारखं होतं, सारखं यायचं पण घरच्या काढ्यावर जायचं. नव्या गाडीला सर्दी होतच नाही. ती थेट ॲडमिट होते.

म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स हवं की नको हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठलं इलेक्ट्रॉनिक्स कशासाठी, हा खरा प्रश्न. आणि ते फेल झालं तर माझ्या हातात काय उरतं?

मुंबईकरांना हा प्रश्न नवा नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी काही माणसं स्वत:च्या गाडीत अडकून गेली. पाणी चढलं, पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक चालेनात, दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडेना. हाताने फिरवायच्या काचेचं साधं हॅंडल त्या क्षणी किती मोलाचं ठरलं असतं! त्यानंतर कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. तुमच्याकडे आहे? नसेल तर याच आठवड्यात घ्या आणि डिकीत नाही, हात पोचेल तिथे ठेवा. मारायची ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सहजासहजी फुटत नाही.

आता टचस्क्रीनकडे बघा. एसीचा साधा गोल नॉब काढून तो स्क्रीनच्या तिसऱ्या मेन्यूत टाकण्याने नक्की कोणाची सोय झाली? स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये एक मस्त प्रयोग केला. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना एसी, रेडिओ अशी चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. नवीकोरी मॉडेल्स मैदानात होती, पण जिंकली कोण? २००५ ची बटणांवाली व्होल्वो. दहा सेकंदांत काम फत्ते, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर ड्रायव्हरचं लक्ष विभागलेलं! युरो एनकॅपनेही ही गोष्ट मनावर घेतली. २०२६ पासून त्यांच्या नियमात इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हॅझर्ड यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण मिळतात. थोडक्यात, बटण परत फॅशनमध्ये आहे.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार स्क्रीनबद्दल नाही. ती कुलपाबद्दल आहे. गाडी माझी, ईएमआय माझा, पण गाडीला काय होतंय ते कळणार फक्त कंपनीच्या लॅपटॉपला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे हात आहेत, अक्कल आहे, तीस वर्षांचा अनुभव आहे. नाहीये ते सॉफ्टवेअर. ही रड फक्त माझी नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच मुद्द्यावर १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू द्या, असा आदेश होता. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनांचा विषय आहे. म्हणजे मागणी वेडगळ नाही. स्मार्ट गाडी द्या की, फक्त तिची किल्ली आम्हालाही द्या.

तोवर आपण काय करायचं? यंदा दिवाळीला पहिली गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये सनरूफखाली सेल्फी काढायच्या आधी चार प्रश्न विचारा.

एक, एअरबॅग, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल या मॉडेलमध्ये आहे का? इथे पैसे वाचवायचे नाहीत. दोन, एसी, आवाज आणि वायपरला हात लावला की कळेल अशी बटणं आहेत का? तीन, हेडलाइट, स्क्रीन आणि समोरची काच बदलायला वॉरंटीनंतर किती लागतील? एलईडी हेडलाइटचा बऱ्याचदा अख्खा सेट बदलावा लागतो आणि काचेमागे कॅमेरा असेल तर तो पुन्हा सेट करण्याचा खर्च वेगळा. चार, स्पेअर चावी कितीला? उत्तर ऐकून खुर्चीत बसूनच राहा, उभे असाल तर चक्कर येईल.

आणि गाडी आधीच दारात असेल तर स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट शोधा. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर एका पिझ्झा पार्टीच्या खर्चात येतो. तो इंजिनाचे एरर कोड मोबाइलवर दाखवतो. सगळं कळत नाही, ब्रेक-एअरबॅगचं बरंचसं तर नाहीच. पण चेक इंजिनचा दिवा लागल्यावर 'पी' ने सुरू होणारा एक कोड हातात असला की काउंटरवर तुम्ही नुसते कस्टमर राहत नाही. तुम्ही प्रश्न विचारणारे कस्टमर होता.

गाडीच्या बाबतीत बाबाच्या पिढीकडे आपल्यापेक्षा फीचर्स कमी होती, पण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे ती. तुमच्या गाडीत तो कुठे आहे, सांगा बरं?