गाण्यांना नावे ठेवताना

नावे ठेवणे हा आपणा मराठी माणसांचा आवडता उद्योग आहे. गायकाला नावे ठेवावीत, चालीला ठेवावीत, गेला बाजार लाउडस्पीकरवाल्याला ठेवावीत. त्या बाबतीत आपण कुणाला हार जाणार नाही. परंतु बारशाला ज्या अर्थाने नाव ठेवतात त्या अर्थाने गाण्यांना नावे ठेवायची वेळ आली, की आपण सगळे मागच्या बाकावर जाऊन बसतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसऱ्या जातीचे नाव ठेवणे आहे.

विषय तसा घरोघरचा. १९९० नंतरची वीसेक वर्षे ज्यांनी हौसेने गाणी विकत घेतली, त्यांच्या कपाटात आज सीड्यांच्या चवडी आहेत. वाजवायचे यंत्र बिघडले, नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच राहिला नाही, तेव्हा घरातले कुणीतरी कॉलेजात जाणारे पोर दिवाळीच्या सुट्टीत त्या सगळ्या सीड्या संगणकात उतरवून घेते. मीही माझ्या मामांच्या चारशेच्या आसपास सीड्या अशाच उतरवल्या. उतरवणे हे हमालीचे काम आहे; एकीकडे सीडी घालावी, दुसरीकडे अभ्यास करावा. फाइली कमी जागेत पण आवाजाला धक्का न लावता ठेवायच्या असतील तर २००१ पासून 'फ्लॅक' नावाचा प्रकार आहे, तो वापरावा. जागेची चणचण आता कुणाला नाही. याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. माझे म्हणणे पुढच्या कामाविषयी आहे. ते काम आपण करत नाही, आणि ते न केल्यामुळे माणसे नाहीशी होतात.

सीडी ही वस्तू मोठी विलक्षण. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली ही बारा सेंटिमीटरची चकती १९८२ साली बाजारात आली. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेऊन ते तिच्यावर कोरलेले असते. एवढा काटेकोरपणा, पण गाण्याचे नाव मात्र तीवर नसते! कुठले गाणे कुठे सुरू होते एवढीच अनुक्रमणिका तिच्या पोटात. नाव लिहिण्याची सोय पुढे १९९६ मध्ये निघाली, परंतु आपल्याकडच्या सीड्यांवर ती क्वचितच वापरलेली आढळते. त्यामुळे सीडी आत घातली की संगणक म्हणतो : कलाकार अज्ञात, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. इंटरनेट चालू असेल तर कधीकधी नावे आपोआप येतात आणि आपल्याला ती जादू वाटते. जादू काही नाही. गाण्यांच्या लांबीवरून संगणक त्या सीडीची कुंडली मांडतो आणि जगात आधी कुणी ती सीडी घालून नावे टंकित केली असतील, तर ती उचलून आणतो. मराठी सीड्यांच्या बाबतीत ही नावे माझ्या संगणकावर आली ती बहुतेक रोमन लिपीत, वाटेल त्या स्पेलिंगात. एकट्या भीमसेन जोशींचे माझ्याकडे सहा निरनिराळे 'कलाकार' झाले होते; एकाला पंडित लावलेले, एकाला नुसते पं., एकाचे आडनाव पुढे, एकाच्या नावात एक अक्षर कमी.

मी वळ गावात राहतो. भिवंडी बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे, तर आमच्या गावाच्या अवतीभवती शेतांपेक्षा आता गोदामे अधिक आहेत. देशभरचा माल इथे उतरतो आणि इथून निघतो. या गोदामांत काम करणारा कुणीही पोऱ्या तुम्हांला सांगेल, की खोका हरवत नाही, चिठ्ठी हरवते. चिठ्ठी गेलेला खोका असतो तिथेच, पाचव्या रांगेत, तिसऱ्या फळीवर. पण तो कुणाचा, कुठे जायचा, हे सांगता येत नाही, म्हणून तो कोपऱ्यात सरकवतात आणि पुढे केव्हातरी काढून टाकतात. उतरवलेल्या सीड्यांची गत अगदी हीच. हार्डडिस्क भरलेली असते आणि त्यात असते 'ट्रॅक ०७'.

आता ही चिठ्ठी, म्हणजे टॅग, कुणी आखली हेही पाहण्यासारखे आहे. एमपीथ्री फाइलीच्या शेपटीला नावगाव जोडण्याची पद्धत १९९६ साली एरिक केम्प या गृहस्थांनी काढली. एकूण १२८ अक्षरांची जागा. त्यात गाण्याला तीस, कलाकाराला तीस, अल्बमला तीस. गाण्याचा प्रकार म्हणून ऐंशी प्रकारांची एक यादी. त्या यादीत पोल्का आहे, डिस्को आहे, पंक आणि जॅझ यांची अ‍ॅसिड भावंडे आहेत. हिंदुस्थानी संगीत नाही, कर्नाटक संगीत नाही. आपण सगळे मिळून 'एथनिक' या एका शब्दात बसतो. केम्पसाहेबांचा यात काही दोष नाही. त्यांनी आपल्या घरातले कपाट आपल्या कपड्यांच्या मापाने बनवले. आपण आपले नऊवार लुगडे त्या कप्प्यात कोंबत बसलो, हा प्रश्न आहे. पुढच्या आवृत्त्यांत रकाने पुष्कळ वाढले, संगीतकाराला जागा झाली, गीतकाराला झाली, देवनागरीही लिहिता येऊ लागली. पण संगणकाच्या पडद्यावर दिसतात ते अजून तेच तीन रकाने : गाणे, कलाकार, अल्बम. आणि जे दिसत नाही ते कुणी भरत नाही.

या तीन रकान्यांत आपले संगीत घालून पाहा. नामदेवांचा अभंग, राम फाटकांची चाल, भीमसेनांचा आवाज : यात 'कलाकार' कोण? 'एकच प्याला' हे नाटक गडकऱ्यांचे, १९१९ चे. म्हणून त्यातल्या पदांपुढे आपण बेधडक गडकरी लिहितो. वास्तविक त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिलेली आहेत. मराठी हा विषय घेतलेल्या मुलांना तरी हे ठाऊक असावे, पण सीडीच्या वेष्टनावर त्यासाठी जागा नसते आणि टॅगमध्ये तर नसतेच. गीतरामायणाची कथा याहून मौजेची. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते प्रथम प्रसारित झाले, तेव्हा ती गीते निरनिराळ्या गायकांनी गायली होती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, आणि आता 'कलाकार : सुधीर फडके' या दोन शब्दांत तो मूळचा मेळा पुसला गेला आहे. गदिमांचे नाव असले तर असले.

सालाचा रकाना तर निव्वळ विनोदाचा. तुकोबा १६५० साली गेले. त्यांच्या अभंगापुढे संगणक १९९८ लिहितो, कारण सीडी त्या वर्षी निघाली.

नावांच्या बाबतीतही आपले रिवाज वेगळे. गायकाला आपण पहिल्या नावाने ओळखतो : भीमसेन, कुमार, किशोरीताई. कवीला मात्र आद्याक्षरे आणि आडनाव. तेव्हा आडनावावरून रांग लावण्याचा परदेशी नियम गायकांना लावला तर आपल्याच घरात आपल्याला माणूस सापडत नाही. टोपणनावांचे काय करावे? ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले पी. सावळाराम यांचे मूळ नाव निवृत्तीनाथ रावजी पाटील. पण त्यांना पाटलांच्या रांगेत बसवणे म्हणजे त्यांना हरवणेच. 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटाचे संगीत 'आनंदघन' यांचे. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. माझ्या मते टॅगमध्ये आनंदघन हेच नाव ठेवावे आणि शेऱ्याच्या रकान्यात लताबाईंचे लिहावे. ज्या नावाने माणसाने काम केले ते नाव खोडण्याचा अधिकार यादी करणाराला नाही. यावर माझ्या एका मित्राशी दोन तास वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

गंमत अशी, की जुन्या लोकांना चिठ्ठीचे महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळत होते. आपल्या संतांनी चिठ्ठी गाण्याच्या आतच शिवून टाकली. तुकोबा, जनाबाई, चोखोबा शेवटच्या चरणात आपले नाव घालून मोकळे झाले. अभंग तोंडोतोंडी कुठेही जावो, नाव बरोबर जाणार. 'बापरखुमादेवीवर' ही मुद्रा आली की ज्ञानदेव ओळखावेत. ख्यालातल्या सदारंगांनीही तेच केले. पुढे ग्रामोफोन आला. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपल्यावर ती स्वतःच्या तोंडाने आपले नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला कुठले गाणे कुणाचे ते कळावे म्हणून ही युक्ती. गाण्याच्या शेवटी गाणाऱ्याने उच्चारलेले नाव! त्यापुढे आपला 'ट्रॅक ०७' किती दरिद्री वाटतो.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. भीमसेनांचे, फडक्यांचे काही बिघडणार नाही. त्यांची नावे चुकली तरी दुरुस्त करणारे शेकडो आहेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या सोसायटीसारख्या संस्था जुन्या तबकड्यांच्या नोंदी निष्ठेने जपत आल्या आहेत. प्रश्न आमच्या वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यातल्या सीड्यांचा आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. लग्नविधीची एकेक पायरी तिच्या गाण्याने पुढे सरकते. २००० नंतरच्या काही वर्षांत लग्नाचे चित्रीकरण करणारे लोक घरच्यांना सीड्या देत. या सीड्या दुकानातल्या छापील सीड्यांसारख्या नसतात. घरी लिहायच्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन, दमट हवा लागली की तो बिघडतो. भिवंडीची हवा कशी आहे ते सर्वांना माहीत आहे. वेष्टनावर लिहिलेले असते वधू-वराचे नाव, तारीख आणि चित्रीकरण करणाराचा फोन नंबर. गाणारीचे नाव कुठेही नाही. धवल्यांत नाममुद्रा नसते. गाणारी स्वतःचे नाव सांगत नाही, कारण सगळे मांडवातले लोक तिला ओळखतच असतात. मांडव उठला, वीस वर्षे गेली, जमिनी गेल्या, गोदामे आली, हळदीला डीजे आला. आता तो आवाज ओळखणाऱ्या बायका सत्तरीच्या पुढे आहेत.

हे काम कसे करावे याचा धडा महाराष्ट्रातच आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव लिहिले, गाव लिहिले, ओवी कशाविषयीची आहे तेही लिहिले. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या आहेत. एकेका बाईचे नाव तिच्या ओवीशी बांधलेले आहे. ओव्या पूर्वीही पुष्कळांनी जमवल्या. परंतु 'लोकगीत' म्हटले की त्याला जणू लोकच नसतात अशा थाटात त्या छापल्या जात. या कामात लोक परत आले.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे कारकुनी काम आहे, कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आस्वाद घ्यावा." त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. भातखंड्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्यांना राग-ताल लावून 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग काढले, राग दहा थाटांत बसवले. त्या थाटांवर आजही भांडणे होतात. ती भांडणे म्हणजेच संगीतशास्त्र. एखाद्या चिजेपुढे कुठला राग लिहावा हे ठरवायला कान लागतो. धवला हळदीचा की पाठवणीचा हे ठरवायला समाज माहीत असावा लागतो. कारकुनाला हे येणार नाही, आणि आपोआप नावे लावणाऱ्या यंत्रालाही येणार नाही, कारण यंत्र आधी कुणीतरी लिहिलेले तेवढेच जाणते. काही मित्र म्हणतात, आता सगळी गाणी मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीत ऐकता येतात, घरी संग्रह कशाला? त्यांनी तिथे आपल्या गावातला एक धवला शोधून दाखवावा.

माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक संगणक आणि बाहेरून जोडायचा सीडीचा कप्पा ठेवावा. फोल्डर करताना गायक, राग वगैरेंची उतरंड रचू नये. मूळ सीडीला एक क्रमांक द्यावा, त्याच क्रमांकाचा फोल्डर करावा, आणि बाकी सगळे टॅगमध्ये लिहावे. फोल्डर एकाच ठिकाणी राहतो, गाणे मात्र दहा ठिकाणांहून शोधले जाते. नावे देवनागरीत, एका माणसाचे एकच लेखन. ('वाऱ्यावर' मधला तो अर्धा ऱ दोन प्रकारे टंकित होतो, दिसायला एक आणि संगणकाला दोन, तेव्हा टंकलेखनाचा नियमही आधी ठरवावा.) गाणारी, तिचे माहेर आणि सासर, विधी, गाव, साल, आणि ही माहिती कुणी सांगितली त्याचे नाव, एवढे रकाने धवल्यांना पुरेत. नाव छापण्याआधी तिची किंवा तिच्या घरच्यांची परवानगी घ्यावी. ज्या आवाजाचे नाव मिळाले नाही तिथे 'अज्ञात' लिहू नये. 'वळ येथील बाई, नाव विचारायचे आहे' असे लिहावे.

आतापर्यंत अकरा लग्नांच्या सीड्या माझ्याकडे आल्या. त्यांतल्या दोन वाचल्याच जात नाहीत. बाकीच्या नऊंत सहा निरनिराळे आवाज ऐकू येतात, त्यांपैकी चौघींची नावे लागली. तीन माझ्या आजीने ओळखली, एक पूर्ण्याच्या एका आजीने, तीही पहिल्या दोन शब्दांतच. उरलेले दोन आवाज मोबाइलवर घेऊन मी फिरतो आहे. ज्यांच्या घरी अशा सीड्या असतील त्यांनी त्या फेकण्यापूर्वी, आणि शक्य तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बरोबर घेऊन, कोणत्याही शनिवारी दुपारी ग्रंथालयात मला भेटावे.