कंठलंगोटाचा खर्च कोणाचा?

कोडोलीहून सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूर गाठणाऱ्या तरुणांत विमा विकणारे, कर्जाचे अर्ज भरून घेणारे, औषधांचे नमुने घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारे असे कितीतरी असतात. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट आणि ऐन वैशाखात गळ्यात टाय, म्हणजे जुन्यांच्या भाषेतला कंठलंगोट! गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून मालकाने घातलेली ही अट आहे.

वेषाची थट्टा करण्याचे कारण नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीस महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, डॉ. आंबेडकरांच्या सुटाबुटातून दलितांचा स्वाभिमान प्रकटला. परंतु दोघांनीही आपला वेष स्वतः निवडला होता.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब मांडताना माणशी वर्षाला १८ वार, चौघांच्या कुटुंबास ७२ वार कापड धरले. ते अंग झाकण्यापुरते होते. मालकाचा माल खपविण्यासाठी लागणारा टाय त्यात कोठून येणार? यंत्राचे वंगण उत्पादनखर्चात धरले जाते. मग विक्रेत्याचे पॉलिश, धोबी, इस्त्री त्याच्या पगारातून का जावी? कमिशनवर राबणाऱ्याला तर पगारही नाही!

औषधविक्री प्रतिनिधी संघटित झाले, म्हणूनच १९७६ साली विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा झाला. वेषाची सक्ती असेल तेथे वेषभत्ता वेतनाव्यतिरिक्त आणि नेमणूकपत्रात लिहून मिळावा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी या एस.टी.तील मुलांपर्यंत नेली पाहिजे.